ओलेचा मुलगा अँडर्स, अँडर्सचा मुलगा ओले

नॉर्वेची १८६५ सालची जनगणना आज इंटरनेटवर फुकट बघायला मिळते. त्यात 'ओले ओल्सेन' टाका आणि एंटर मारा. जे समोर येतं ते बघून कुठलाही डेटाबेसवाला कपाळाला हात लावेल. हजारोंनी ओले ओल्सेन! कोणी शेतकरी, कोणी खलाशी, कोणी अजून पाळण्यात. एकाच खोऱ्यात कितीतरी. आणि त्या प्रत्येकाच्या बापाचं नाव ओले असणार हेही उघड आहे, नाहीतर तो ओल्सेन झालाच नसता.

गेल्या हिवाळ्यातले माझे बरेचसे शनिवार-रविवार या नावांच्या जंगलात गेले. आता तुम्ही म्हणाल, मराठी माणसाचा आणि नॉर्वेच्या ओलेचा काय संबंध? संबंध एवढाच की मी सध्या मिनियापोलिसला ऑनसाईट आहे, बाहेर उणे वीस तापमान असतं, आणि माझ्या टीममधल्या एका पन्नाशीच्या सीनियरने एक दिवस मला एक एक्सेल शीट पाठवलं. "तू डेटाबेसवाला आहेस ना, यातले डुप्लिकेट काढून दे." शीटमध्ये त्याचे पूर्वज होते. त्याची खापरपणजी चार वेळा आली होती, चार वेगवेगळ्या नावांनी.

ते डुप्लिकेट नव्हते. ती एकच बाई होती आणि चारही नावं खरी होती. (इथे मी त्यातलं एकही नाव देणार नाही. गोष्ट त्याच्या घरची आहे आणि पुढे ती जराशी नाजूक होते.)

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जुलै १८२५ मध्ये स्टावांगर बंदरातून 'रेस्टोरेशन' नावाचं एक चिमुकलं जहाज ५२ माणसं घेऊन निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं. तोवर माणसं ५३ झाली होती, वाटेत एक बाळ जन्मलं होतं. नॉर्वेतून अमेरिकेला गटाने जाण्याची ही सुरुवात. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून जास्त नॉर्वेजियन लोक समुद्रापार गेले. आठ लाख हा आकडा आपल्याला किरकोळ वाटतो, पण १८०१ मध्ये आख्ख्या नॉर्वेची लोकसंख्याच नऊ लाखांच्या आत होती! लोकसंख्येच्या मानाने यापेक्षा जास्त माणसं अमेरिकेला पाठवणारा युरोपातला देश एकच, आयर्लंड.

का गेले? १८०१ ते १८६५ या काळात नॉर्वेची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली, सतरा लाखांवर गेली. लढाया थांबल्या, देवीची लस आली, बटाटा आला, पोरं जगायला लागली. पण जमीन काही वाढली नाही. नॉर्वेत लागवडीखालची जमीन आजही तीन टक्क्यांच्या आसपासच आहे, बाकी डोंगर, जंगल आणि बर्फ. शेत शक्यतो थोरल्याकडे जायचं. धाकटे आणि त्यांची पोरं 'हुस्मान' व्हायची. हुस्मान म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपडं आणि जमिनीचा तुकडा घेऊन राहणारा, आणि त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबणारा माणूस. १८५५ च्या सुमारास असे साधारण ६५ हजार हुस्मान होते, आणि ही फक्त घरकर्त्यांची मोजणी, बायकापोरं वेगळी.

तिकडे अमेरिकेने १८६२ मध्ये होमस्टेड कायदा केला. पाच वर्षं राहा, जमीन कसा, १६० एकर तुमची. बटाट्याच्या चार सऱ्यांवर जगणाऱ्या हुस्मानाला १६० एकर हा आकडा कसा ऐकू आला असेल! (ती १६० एकर आधी कोणाची होती हे मात्र इथल्या कौटुंबिक कहाण्यांमध्ये फारसं येत नाही. दक्षिण मिनेसोटाची जमीन डाकोटा लोकांकडून १८५१ च्या तहांमध्ये काढून घेतली होती. अमेरिकेच्या तेव्हाच्या जनगणनेत 'कर न भरणारे इंडियन' मोजायचेच नाहीत असा नियम होता. म्हणजे नॉर्वेतल्या हुस्मानाची गाय वहीत सापडते आणि इथल्या मूळ माणसांची नावंही सापडत नाहीत. असो, तो विषय वेगळ्या लेखाचा आहे, पण हे लिहिल्याशिवाय पुढे जाववेना.)

आता नावांकडे. जुन्या नॉर्वेजियन माणसाच्या नावाला तीन तुकडे असतात. पहिला स्वतःचा. दुसरा बापाचा: अँडर्सचा मुलगा ओले म्हणजे ओले अँडर्सेन, मुलगी असेल तर अँडर्सदत्तर. पुढच्या पिढीत ओलेचा मुलगा अँडर्स ओल्सेन होणार. म्हणजे बाप अँडर्सेन, मुलगा ओल्सेन, नातू परत अँडर्सेन. इथवर आपल्याला जड जाऊ नये, आपणही बापाचं नाव मध्ये लावतोच. खरी मजा तिसऱ्या तुकड्यात आहे. तो शेताचा. ज्या शेतावर राहतो त्याचं नाव. आणि शेत बदललं की तोही बदलतो! म्हणजे समजा तुम्ही कोथरूडला असताना कोथरूडकर, हिंजवडीला फ्लॅट घेतला की हिंजवडीकर, आणि दोन्ही सरकारदरबारी मान्य. बायकोच्या शेतावर राहायला गेलेला नवरा सरळ तिच्या शेताचं नाव लावायचा. लग्नानंतर बाईचं बापाचं नाव मात्र तसंच राहायचं. घराण्याचं एकच कायमचं आडनाव असलं पाहिजे हा कायदा नॉर्वेत आला १९२३ मध्ये.

आमच्या शीटमधल्या खापरपणजीची चार नावं अशी झाली: जन्माच्या झोपड्याचं, नोकरीच्या शेताचं, अमेरिकेत नवऱ्याचं, आणि चर्चच्या वहीत नुसतं बापाचं. इथे अमेरिकेत एक लाडका समज आहे की एलिस आयलंडवरच्या कारकुनांनी आजोबांचं नाव बदललं. तसं काही नव्हतं. तिथले कारकून जहाजावर बनलेल्या यादीवरून नावं तपासायचे, नवी ठेवत नव्हते. आणि एलिस आयलंड सुरूच झालं १८९२ मध्ये, ही बाई आली १८८२ मध्ये. नावं लोकांनी आपणहून बदलली. बापाचं ठेवायचं की शेताचं, हे प्रत्येक भाऊ आपापलं ठरवायचा. त्यामुळे सख्खे भाऊ एकाच काउंटीत वेगवेगळ्या आडनावांनी पुरलेले सापडतात.

थोडक्यात, नाव ही प्रायमरी की म्हणून पूर्णपणे कुचकामी. मग जोडायचं कशाने? जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याचं गाव. ही जोडी माणसाबरोबर समुद्र ओलांडते.

उलटीकडून सुरुवात करायची असते, म्हणजे अमेरिकेकडून. अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी, आणि ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. यातली १८९० ची जवळजवळ सगळी गेली, १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीत आणि तिच्यानंतरच्या हलगर्जीपणात. वंशावळी शोधणारे लोक त्या आगीबद्दल अजून घरच्या मयतासारखं बोलतात. मिनेसोटावाल्यांचं नशीब बरं. राज्याने स्वतःची १८८५ आणि १८९५ मध्ये वेगळी जनगणना केली होती, त्यामुळे भोक थोडंफार बुजतं.

पण खजिना म्हणजे १९०० ची. तिच्यात प्रत्येकाचा जन्ममहिना आणि साल आहे, लग्नाला किती वर्षं झाली ते आहे, अमेरिकेत कधी आलात ते आहे. आणि बायकांसाठी दोन रकाने असे आहेत की वाचताना हात थांबतो: किती मुलं झाली, आणि त्यातली किती जिवंत आहेत. खापरपणजीच्या पुढे लिहिलं होतं सात आणि पाच. लग्नाला १६ वर्षं. आणि घरातल्या थोरल्या मुलाचं वय २१, नातं: घरमालकाचा सावत्र मुलगा.

हा थोरला म्हणजे माझ्या सहकाऱ्याचा पणजोबा. यात घरच्यांना धक्का बसण्यासारखं काही नव्हतं. बाई विधवा होती, लहान मुलाला घेऊन एकटी आली आणि इथे तिने दुसरं लग्न केलं, हे सगळ्यांना माहीत होतं. सहकाऱ्याच्या आत्याच्या दिवाणखान्यात वंशवृक्षाची मोठी फ्रेम आहे, त्यात पहिल्या नवऱ्याच्या चौकोनात लिहिलंय: समुद्रात बुडाला. आम्हाला फक्त या बुडालेल्या माणसाचं नाव हवं होतं.

मला तेव्हाच थोडं खटकलं होतं. बाई वाल्द्रेस खोऱ्यातली. नकाशा उघडून बघा. वाल्द्रेस ऑस्लोच्या वायव्येला पार आत डोंगरात आहे. तिथे तळी आहेत, नद्या आहेत, समुद्र नाही. तिथला शेतमजूर समुद्रात बुडायचा म्हणजे आधी त्याला बराच प्रवास करावा लागणार!

वाल्द्रेस हे तरी कसं कळलं? इथल्या नॉर्वेजियन ल्युथरन चर्चच्या वहीतून. पणजोबाचं कन्फर्मेशन १८९३ मध्ये झालं, आणि पाद्र्याने त्याचं जन्मगाव म्हणून नुसतं 'नॉर्वे' न लिहिता परगण्याचं नाव लिहिलं होतं, शिवाय पूर्ण जन्मतारीख. त्याच ओळीत आणखी एक गोष्ट होती. पोराचं नाव सावत्र बापाच्या आडनावाने नव्हतं. दुसऱ्याच कोणाचा तरी 'सेन' होता तो. बुडालेल्या माणसाचं नाव सापडलं, असं वाटून आम्ही त्या दिवशी ऑफिसच्या कँटीनमध्ये पार्टी केली. (पार्टी म्हणजे कॉफी. लुटेफिस्क नावाचा नॉर्वेजियन मासा त्याने खिलवायची धमकी दिली होती. तो कॉस्टिकसारख्या खारात भिजवतात. मी नम्रपणे नकार दिला.)

आता समुद्र ओलांडायचा. नॉर्वेचा सगळा कारभार 'दिगितालआर्किव्ह' या साइटवर आहे. १९९८ पासून तिथे जुनी कागदपत्रं चढवताहेत आणि एक पैसा घेत नाहीत. स्थलांतर करणाऱ्यांच्या याद्या १८६० च्या दशकाच्या अखेरीपासून बंदरावरचे पोलीस ठेवायला लागले. एजंट गरीब लोकांना तिकिटात फसवायचे, म्हणून हा बंदोबस्त. १८८२ च्या यादीत क्रिस्तियानिया बंदरातून (म्हणजे आजच्या ऑस्लोतून, नाव १९२५ मध्ये बदललं, शहरंही नावं बदलतात!) ही बाई सापडली. वय २५, सोबत चार वर्षांचा मुलगा. १८८२ हे नॉर्वेतून लोक जाण्याचं सगळ्यात मोठं वर्ष, १९ लाखांच्या देशातून एका वर्षात २८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या या दोघांसमोर पोलिसाने पाच-सात शब्द खरडले होते. त्यात एक शब्द होता 'अविवाहित'.

सहकारी म्हणाला, कारकुनाची चूक असेल. असू शकते. म्हणून आम्ही चर्चच्या वहीकडे गेलो.

नॉर्वेतला पाद्री हा त्या काळात अर्धा सरकारी कारकूनच. १६८० च्या दशकात नोंदवह्या ठेवणं बंधनकारक झालं, पण कशा ठेवायच्या ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. १८१२ मध्ये सरकारने रकाने ठरवून दिले, आणि शिवाय दुसरी प्रत चर्चच्या सेवकाने वेगळी ठेवायची असा नियम केला, म्हणजे एक जळाली तर दुसरी राहील. बॅकअप! जन्म, कन्फर्मेशन, लग्न, मृत्यू यांची वेगवेगळी पानं, आणि त्याशिवाय परगण्यात आलेले आणि परगणा सोडून गेलेले. कन्फर्मेशन १७३६ पासून सक्तीचं होतं. साधारण पंधराव्या वर्षी चर्चमध्ये सगळ्यांसमोर धर्माची तोंडी परीक्षा. ती झाल्याशिवाय लग्न नाही. १८१० मध्ये त्यात भर पडली की देवीची लस टोचल्याचा दाखला नसेल तर कन्फर्मेशनही नाही. त्यामुळे या वह्यांमध्ये कन्फर्मेशनच्या नावापुढे लस टोचल्याची तारीख असते, आणि धर्मज्ञानाचा शेराही, 'बरा', 'चांगला', 'फार चांगला'. आमच्या बाईला १८७२ मध्ये 'फार चांगला' मिळाला होता.

हे वाचणं सोपं नाही. भाषा तेव्हाची डॅनिश वळणाची, अक्षर गॉथिक. त्यात 'ई' चा आकार 'एन' सारखा दिसतो, आणि 'यू' ओळखता यावा म्हणून डोक्यावर छोटा वेलांटीसारखा फराटा असतो. मोडी शिकलेल्यांना कल्पना येईल. मी पहिले दोन शनिवार फक्त एका पाद्र्याची अक्षरं एका तक्त्यात गोळा करण्यात घालवले. मग हळूहळू डोळा बसला. पाद्री बदलला की पहिल्यापासून सुरू.

आणखी एक खाचखळगा वयाचा. १८६५ ची जनगणना ३१ डिसेंबरच्या स्थितीवर घेतली, आणि त्यात चालू असलेलं वर्ष मोजलंय. १८५७ मध्ये जन्मलेल्या मुलीचं वय आपण आठ म्हणू, वहीत नऊ आहे. हे माहीत नसेल तर माणूस खुशाल दुसऱ्याच मुलीला आपली आजी करून बसेल. त्याआधी १८०१ ची नावानिशी जनगणना आहे, पण मधल्या १८१५ ते १८५५ च्या पाचही मोजण्यांमध्ये फक्त बेरजा. रॉ डेटा ठेवलाच नाही! त्या चौसष्ट वर्षांच्या पोकळीत चर्चच्या वह्या हाच एकमेव पूल आहे.

१८६५ च्या पानाबद्दल मात्र मी त्या लोकांना सगळं माफ करतो. त्यात माणसांबरोबर गुरंढोरं आणि पेरणीही लिहिली आहे. बाईचा बाप हुस्मान: एक गाय, चार मेंढ्या, थोडं बार्ली, थोडे बटाटे. सहकाऱ्याने तो आकडा बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "एक गाय आणि सहा पोरं." १८७५ मध्ये ती १८ वर्षांची, मोठ्या शेतावर मोलकरीण. त्या शेताच्या पानावर घोडे वेगळे, गाई दोन आकडी. शेताचा मालक, मालकीण, त्यांचा एकविशीतला थोरला मुलगा, त्याची धाकटी बहीण, आणि नोकर.

थोरल्या मुलाचं नाव वाचलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. पणजोबाच्या नावात जो 'सेन' होता तो याचाच.

१८७८ च्या बाप्तिस्म्यात सगळं स्वच्छ लिहिलंय. औरस की अनौरस, यासाठी छापील रकानाच आहे, त्यात 'अनौरस'. आई: मोलकरीण, अविवाहित. बाप: शेतकऱ्याचा मुलगा, अविवाहित. आणि पाद्र्याची टीप, दोघांचाही हा पहिलाच असा प्रकार. हो, तेही मोजायचे! अशा मुलाला बापाचं नाव लावायची पद्धत होती, आईने सांगितलेलं आणि पाद्र्याने लिहिलेलं. तेच नाव पोराबरोबर मिनेसोटापर्यंत आलं आणि १८९३ मध्ये कन्फर्मेशनच्या वेळी आईने परत तेच सांगितलं. सावत्र बापाचं नाव सांगणं किती सोपं होतं. तिने नाही सांगितलं.

म्हणजे कोणी समुद्रात बुडालं नव्हतं.

मला यात बाप कोण यापेक्षा आजूबाजूच्या नोंदी जास्त बोलक्या वाटल्या. नॉर्वेत मुलांची नावं ठेवायची एक घट्ट रीत होती: पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाने, दुसरा आईच्या बापाच्या. (दोन्ही आजोबांचं नाव एकच असेल तर एकाच नावाचे दोन जिवंत भाऊ सुद्धा सापडतात. बोला आता!) या बाईने आपल्या पोराला स्वतःच्या बापाचं नाव दिलं नाही. शेतमालकाचं दिलं. एक गाय असलेल्या हुस्मानाच्या मुलीने भर चर्चमध्ये सांगितलं की हे मूल त्या घराचं आहे. आणि साक्षीला पाच धर्ममातापिता असतात, त्यांची नावं वहीत असतात. चार जण तिच्या बाजूचे, हुस्मान आणि नोकर. पाचवी ती धाकटी बहीण. शेतमालकाची मुलगी. मुलाची आत्या.

अशा गोष्टी झाकल्या जायच्या आणि कधीकधी मोठ्या व्हायच्या. मिनेसोटाचे गव्हर्नर आणि नंतर २८ वर्षं सिनेटर असलेले क्नूट नेल्सन घ्या. जन्म १८४३, वॉसजवळच्या एवांगेरचा. आई इंगेब्योर्ग अविवाहित. १८४९ मध्ये ती सहा वर्षांच्या मुलाला घेऊन अमेरिकेत आली आणि विधवा असल्याचं सांगत राहिली. शिकागोत तिने निल्स नावाच्या माणसाशी लग्न केलं आणि मुलगा निल्सचा म्हणून नेल्सन झाला. इथे सेंट पॉलला राज्याच्या कॅपिटॉलसमोर १९२८ चा त्यांचा पुतळा आहे. खाली एका बाजूला शिवणकाम नाही, शेत नाही, नुसती एक आई आणि तिचा हात धरलेलं लहान पोर. मी पूर्वी दोनदा तिथून गेलो होतो, कधी थांबलो नव्हतो. आता मुद्दाम जाऊन बघून आलो. 'विधवा' हा शब्द अशा कितीजणींनी जहाजावर बरोबर घेतला असेल याचा हिशेब कुठल्याच जनगणनेत नाही, पण तो त्यांचा पासपोर्ट होता असं मला वाटतं. आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही मला वाटत नाही.

बापाचं पुढे काय झालं? तो तिथेच राहिला. १९०० च्या नॉर्वेच्या जनगणनेत शेत त्याच्या नावावर, बायको, मुलं. १९१० ची जनगणना शंभर वर्षांच्या गुप्ततेनंतर २०१० मध्ये खुली झाली, आणि तिच्यात प्रत्येकाची पूर्ण जन्मतारीख आहे. ती १८५४ च्या बाप्तिस्म्याशी जुळली, तेव्हा कुठे मी शीटमधला तो चौकोन हिरवा केला. आता थोरल्या औरस मुलाचं नाव बघा: तेच, आजोबाचं. म्हणजे एकाच आजोबाच्या नावाचे दोन नातू, एक वाल्द्रेसमध्ये, एक मिनेसोटात. खोऱ्याच्या छापील शेतांच्या इतिहासात शेतमालकाच्या कुटुंबाखाली पहिल्या नातवाचं नाव नाही. हुस्मानाच्या झोपड्याखाली एक ओळ आहे: मुलगी, जन्म १८५७, अमेरिकेस गेली.

राहिली आत्याबाई. (सहकाऱ्याची, वय ८७.) आपल्याला हा १८७८ चा इतिहास, पण त्या या माणसाच्या मांडीवर बसलेल्या आहेत. त्यांचे ते आजोबा. फ्रेम त्यांनी स्वतः करून घेतली आहे. सहकाऱ्याचं म्हणणं होतं की फाईलमध्ये खरं लिहावं आणि भिंतीवरचं तसंच ठेवावं. मी म्हणालो, सांग. माझा काय हक्क, पण मी म्हणालो. एका बाईने दोनदा, दोन देशांत, पाद्र्यासमोर उभं राहून खरं नाव सांगितलं होतं, आणि नंतरच्या लोकांनी तिच्यासाठी एक माणूस बुडवला. डीएनएने खात्री करायची तर त्या शेतावरच्या वंशजांपैकी कोणी टेस्ट दिलेली हवी. तो भाग अजून बाकी आहे.

इस्टरच्या सुट्टीत त्याने आत्याला बाप्तिस्म्याच्या पानाचं प्रिंट दाखवलं, सोबत मी केलेला अक्षरांचा तक्ता. त्यांनी चष्मा लावून एकेक ओळ लावून वाचली. 'अनौरस' या शब्दावर काही बोलल्या नाहीत. साक्षीदारांच्या यादीपाशी थांबल्या आणि विचारलं, ही मुलगी कोण? सांगितल्यावर म्हणाल्या, "हिचं पुढे काय झालं?"

ते आम्ही बघितलंच नव्हतं. आता बघतोय. १९०० मध्ये ती शेतावर नाही. परगणा सोडून गेलेल्यांच्या पानावर १८८६ मध्ये तिच्या नावासमोर 'उत्तर अमेरिका' लिहिलंय, आणि पोलिसांच्या यादीत मुक्कामाचं ठिकाण मिनेसोटा. या शनिवारी १८९५ ची राज्याची जनगणना उघडणार आहे. काउंटी कुठली ते माहीत नाही, पण पहिल्यांदा कुठल्या काउंटीची पानं चाळायची हे वेगळं सांगायला नको.